कुकरताई आणि फिकी पट्टी

आमच्या सासूबाई ज्या वृद्धाश्रमात राहतात तिथे महिन्यातून एकदा दातांचे डॉक्टर येतात. डॉक्टर मोठे गुणी आहेत, पण त्यांचे नाव तिथल्या निम्म्या लोकांच्या लक्षात राहत नाही. त्यांच्याबरोबर येणाऱ्या मदतनीस बाईंना मात्र सगळे ओळखतात. या बाई डॉक्टरांची हत्यारे दवाखान्यातल्या वाफेच्या यंत्रात घालून, जंतू मारून, पाकिटात बंद करून आणतात, असे कुणीतरी एकदा सासूबाईंना समजावून सांगितले. सासूबाई म्हणाल्या, "म्हणजे कुकरच की." झाले, तेव्हापासून त्या कुकरताई. त्यांनाही त्याचे काही वाटत नाही. फोनवरसुद्धा "मी कुकरताई बोलतेय" असेच सांगतात.

मी रोज सकाळी देवापुढून उठले की वहीत चार ओळी लिहिते. घरात कोण काय बोलले, देवाजवळ काय मागितले, काय मागायचे राहिले, असे साधेसुधेच. मध्यंतरी वर्षभराच्या वह्या चाळल्या तर दिसले, की माझ्या सख्ख्या बहिणीपेक्षा कुकरताईंचा उल्लेख जास्त वेळा आला आहे. बहिणीला हे सांगितले नाही. पण म्हटले, या बाईंबद्दल एकदा नीट, सलग लिहून ठेवावे.

कुकरताई ठेंगण्या आहेत, पन्नाशीच्या पुढच्या. हातात ना बांगडी ना अंगठी, नखे बोटांच्या आत कापलेली, केस टोपीत कोंबलेले. त्यांना भरभर चालताना मी कधी पाहिले नाही आणि रिकामे उभे राहिलेलेही पाहिले नाही. दहावी झाल्यावर त्या डॉक्टरांच्या वडिलांच्या दवाखान्यात झाडलोट करायला लागल्या. तिथे एक जुन्या सिस्टर होत्या. त्यांनी या मुलीचे लक्ष कामात आहे हे पाहिले आणि हाताखाली घेतले. पहिल्या दिवशी शिकवायच्या आधी सिस्टरांनी तिच्या हातमोज्यावर लाल शाईचा थेंब टाकला आणि म्हणाल्या, आता तू नेहमीसारखे काम कर. तासाभराने दोघींनी मिळून दवाखाना पाहिला. शाई ड्रॉवरच्या मुठीवर होती, पेनावर होती, नळावर होती, दाराच्या कडीवर होती. मुलीच्या स्वतःच्या नाकाच्या शेंड्यावरही होती. सिस्टर एवढेच म्हणाल्या, "ही शाई होती म्हणून दिसली."

ही गोष्ट कुकरताईंनी मला स्वतः सांगितली आणि सांगताना नकळत नाक पुसले.

आश्रमात त्या पहिल्यांदा आल्या तेव्हा तिथे एक जुनी रीत होती. संध्याकाळी जेवणे झाली की सेविका एक मोठा प्लास्टिकचा टब घेऊन मजल्यावर फिरायच्या, सगळ्यांच्या कवळ्या त्यात गोळा करायच्या, एकाच पाण्यात घासायच्या आणि सकाळी अंदाजाने वाटायच्या. अंदाज बहुतेक वेळा बरोबर यायचा. ज्या दिवशी चुकायचा त्या दिवशी न्याहारीला दोन आजी एकमेकींकडे संशयाने बघत चावायच्या. सासूबाईंच्या शेजारच्या आजी तर आठवडाभर दुसरीचीच कवळी घालून होत्या. त्यांना वाटले आपले तोंडच आकसले. सेविकांना यात वावगे काही वाटत नव्हते. उलट सगळे एकदम, एका हाताने होते, म्हणून त्यांना त्याचा अभिमान होता. मग एका महिन्यात त्या मजल्यावर सहा जणांच्या तोंडात पांढरी बुरशी झाली.

कुकरताईंनी कुणाला बोल लावला नाही. पुढच्या खेपेला त्या झाकणाचे वेगवेगळे डबे घेऊन आल्या, प्रत्येकावर नाव चिकटवले, आणि टब उचलून बागेच्या माळ्याला देऊन टाकला. त्यात आता पुदिन्याची रोपे आहेत. सेविका कुरकुरल्या. एक जण म्हणाली, "एवढे डबे कोण धुणार?" कुकरताई म्हणाल्या, "तुमची सासू आणि तुमची आई एकाच ब्रशने दात घासतील का?" ती म्हणाली, "त्या एका खोलीत बसत नाहीत हो." सगळ्या हसल्या आणि डबे राहिले.

आणखी एक रीत त्यांनी मोडली. सेविका सकाळी हातमोजे घालायच्या आणि त्याच हातमोज्यांनी एका तोंडातून दुसऱ्या तोंडात, अशी सगळी रांग उरकायच्या. आपले हात स्वच्छ राहिले ना, मग झाले, अशी समजूत. मीही सासूबाईंचे दात घासून देताना तसेच करत होते. त्यांचे झाले की शेजारच्या आजींचे, पुण्य म्हणून. कुकरताईंनी मला बाजूला घेऊन सांगितले की वहिनी, पुण्य करा, पण मध्ये हातमोजे बदला आणि हात धुवा. मी ते त्या दिवशीच्या वहीत जसेच्या तसे लिहून ठेवले आहे.

दातांच्या डॉक्टरांना आश्रमाने दुसऱ्या मजल्यावरची टोकाची खोली दिली आहे. एरवी ती व्यायामाची खोली. भिंतीला दोऱ्या आणि कप्प्या, कोपऱ्यात छोटी वजने, खिडकीला धुरकट काच, काचेखाली बेसिन. डॉक्टर घडीची खुर्ची उघडतात, दिवा लावतात. कुकरताई दोन टेबले मांडतात. उजवे टेबल स्वच्छ, डावे वापरलेल्याचे. वस्तू उजवीकडून निघते, तोंडात जाते, डावीकडे येते. उलट कधीच येत नाही. एकदा डॉक्टरांनी विसरून आपला चष्मा डाव्या टेबलावर ठेवला आणि पुन्हा उचलायला गेले, तर कुकरताईंनी तो चिमट्याने उचलला, साबणाने धुतला, पुसला आणि मगच त्यांना दिला. डॉक्टर तोवर आंधळ्यासारखे हात जोडून उभे. रांगेतल्या आजोबांची चांगली करमणूक झाली.

पण त्यांची खरी शिस्त पाकिटांची. प्रत्येक माणसाचे पाकीट वेगळे. त्यात तोंडात घालायचा छोटा आरसा, दात तपासायची बारीक सळई, चिमटा. पाकिटाच्या बाहेर तापल्यावर काळी पडणारी एक खूण असते आणि आत हत्यारांबरोबर कागदाची एक पट्टी असते. पट्टी मुळात फिकी. पुरेशी वाफ पुरेसा वेळ लागली की ती काळी पडते. कुकरताई पाकीट उघडतात, आतली पट्टी दिव्याखाली धरतात, रजिस्टरमध्ये त्या माणसाच्या नावापुढे चिकटवतात आणि मगच हत्यार डॉक्टरांच्या हातात देतात. एका माणसामागे अर्धे मिनिट जाते. डॉक्टर घाईत असले तरी जाते. देवापुढे बसल्यावर माझे मन दहा ठिकाणी हिंडून येते. त्यांचे ते अर्धे मिनिट पाहिले की मला माझी लाज वाटते.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतले ते सांगते.

गेल्या वर्षी सासूबाईंची खालची दाढ ठणकायला लागली. गाल सुजला. गोळ्यांनी सूज उतरली, पण दाढ काढल्याशिवाय गत्यंतर नव्हते. चार दिवस त्या दूध आणि सूपवर होत्या, आणि ज्या बाईने उभ्या जन्मात जेवणाला नावे ठेवण्याची संधी सोडली नाही, ती बाई ताटाकडे न बघता भिंतीकडे तोंड करून पडायला लागली. डॉक्टरांची फेरी दुसऱ्या दिवशी होती, पण यादी दहा जणांची आणि ती भरलेली. पुढची फेरी महिन्याने. त्यांना दवाखान्यात न्यायचे तर उचलायला चार माणसे लागतात. मी संध्याकाळी कुकरताईंना फोन केला आणि रडले. कसेही करून यांना घ्याच, म्हटले. त्या म्हणाल्या, "बघते, वहिनी. त्यांची पाकिटे आणते."

सकाळी फेरी सुरू झाली. सासूबाईंचा नंबर पाचवा लावला होता. मी त्यांची चाकाची खुर्ची धरून भिंतीशी बसले होते. पहिल्या दोघी आजींचे झाले. तिसरे मास्तर. हे आश्रमातले सगळ्यांत दरारा असलेले गृहस्थ, चाळीस वर्षे गणित शिकवलेले, आता पाय गेलेले. त्यांच्या हिरड्या साफ करायच्या होत्या. कुकरताईंनी पाकीट उघडले तेवढ्यात मास्तरांना जबरदस्त ठसका लागला. चेहरा लालबुंद झाला. कुकरताईंनी पट्टी तशीच रजिस्टरखाली सरकवली आणि धावत जाऊन त्यांना पुढे वाकवून धरले. ठसका थांबला. डॉक्टरांनी उशीर होतोय म्हणून उघड्या पाकिटातली हत्यारे स्वतःच उचलली आणि काम सुरू केले. पाच-सात मिनिटांत मास्तर मोकळे झाले, थोडे रक्त आले होते ते थुंकून, चूळ भरून चाकाच्या खुर्चीतून आपल्या खोलीत गेले. मग चौथ्या आजी. मग आम्ही.

डॉक्टरांनी सासूबाईंच्या हिरडीत इंजेक्शन दिले. गाल बधिर झाला. त्यांनी दाढ काढायच्या पकडीसाठी हात मागे केला. हात तसाच राहिला. हातात काही आले नाही.

"थांबा, डॉक्टर," कुकरताई म्हणाल्या.

त्यांनी पकडीचे पाकीट उघडले होते. आतली पट्टी दिव्याखाली धरली होती. मलाही दिसले. पट्टीचे एक टोक काळे होते आणि उरलेली फिकी.

डॉक्टर म्हणाले, दुसरे एखादे पाकीट उघडून बघा. त्यांनी उघडले. त्यातली पट्टीही अर्धी फिकी. मग कुकरताईंनी रजिस्टर समोर ओढले आणि बोट ठेवत आधीच्या पट्ट्या पाहिल्या. पहिली काळी. दुसरी काळी. तिसऱ्या नावापुढची जागा रिकामी. चौथी काळी. पाचवी, आमच्या तपासणीची, काळी. त्यांनी रजिस्टर उचलले. खाली मास्तरांची पट्टी होती.

डॉक्टर त्या वेळी सासूबाईंच्या तोंडातला कापूस बघत होते. खोलीत ती पट्टी फक्त दोघींनी पाहिली, कुकरताईंनी आणि मी. बोटभर कागदाचा तुकडा. डाव्या टेबलाखाली कचऱ्याची बादली होती, पायाने झाकण उघडणारी. माझ्या मनात काय आले ते मी वहीत लिहिले आहे, म्हणून इथेही लिहिते. मला वाटले, टाकून द्या. मास्तर ठणठणीत खोलीत बसले आहेत. देव बघून घेईल.

कुकरताईंनी पट्टी रजिस्टरमध्ये तिसऱ्या नावापुढे चिकटवली, नीट दाबली, आणि मोठ्याने म्हणाल्या, "मास्तरांचीपण फिकी आहे. मी न बघता वापरू दिली."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. फेरी तिथेच थांबली. सासूबाईंना काय चालले आहे ते कळेना. अर्धे तोंड बधिर आणि दाढ जागच्या जागी. त्या वाकड्या तोंडाने काहीतरी बोलल्या. मला एवढेच कळले की त्यात कुकरला शिव्या होत्या आणि थोड्या मलाही.

व्यवस्थापक मॅडम धावत आल्या. पाकिटे उलटसुलट करून म्हणाल्या की बाहेरची खूण तर काळी आहे, मग उगाच कशाला गावभर करायचे. कुकरताई म्हणाल्या, बाहेरची काळी म्हणजे यंत्र तापले, आतली काळी म्हणजे वाफ आत पोहोचली. मग त्यांनी कारणही सांगितले. यंत्राच्या ताटलीत दहाच पाकिटे बसतात, मध्ये बोटभर जागा सोडून. सकाळी सासूबाईंची दोन जास्त होती, तपासणीचे एक आणि पकडीचे एक. दुसरी खेप लावायची तर तासभर जास्त, आणि गाडी आठला निघायची. यंत्र हाती आल्यापासून बावीस वर्षांत कधी केले नाही ते त्यांनी केले. बाराच्या बारा दाटीने बसवली. मधल्यांना वाफ पुरेशी लागलीच नाही.

त्या हे सांगत होत्या तेव्हा मला उमगले. ती दोन पाकिटे माझ्या रडण्याची होती. त्यांनी माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही, माझे नाव घेणे तर दूरच.

मग त्या हात धुऊन मास्तरांच्या खोलीत गेल्या. मीही मागोमाग दारापर्यंत गेले. डॉक्टर येतो म्हणाले होते, पण त्या थांबल्या नाहीत. मास्तर वर्तमानपत्रातले कोडे सोडवत होते. कुकरताईंनी सगळे सरळ सांगितले. हत्यारे धुतलेली होती, घासलेली होती, वाफ थोडीफार लागली होती, पण पूर्ण लागली असे म्हणता येत नाही. आदल्या दिवशी ती दुसऱ्यांच्या तोंडात होती. कावीळ किंवा रक्तातून जाणारा आजार होण्याचा धोका फार कमी, पण आज रक्त तपासायचे, पुन्हा दीड महिन्याने, तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी.

मास्तरांनी पेन्सिल खाली ठेवली. "धोका किती? आकडा सांग."

"आकडा मला येत नाही, मास्तर. फार कमी. पण शून्य नाही."

"शून्य नाही, हे बरोबर बोललीस," मास्तर म्हणाले. "चूक कुणाची?"

"माझी. दोनदा. भरताना एकदा आणि पट्टी न बघता बाजूला ठेवली तेव्हा एकदा."

मास्तरांनी बाही वर केली. रक्त कुठून घेणार विचारले. आणि लेकीला मीच फोन करतो म्हणाले, नाहीतर ती दार तोडून येईल.

ती दार तोडूनच आली. मास्तरांची लेक विमा कचेरीत मोठ्या हुद्द्यावर आहे, बोलायला लागली की समोरच्याला श्वास घ्यायला सवड मिळत नाही. तिने मॅडमना धारेवर धरले, डॉक्टरांना धरले. डॉक्टर म्हणाले की हत्यारे मीच घाईने उचलली, जबाबदारी माझी. तिने ते कानामागे टाकले. तिला कुकरताई हव्या होत्या. कुकरताई समोर उभ्या राहिल्या, खाली न बघता. लेक म्हणाली, माझ्या वडिलांना काही झालेच तर तुमचा सॉरी कुठे लावू? शेवटी ठरले, की सहा महिन्यांचा शेवटचा रिपोर्ट येईपर्यंत कुकरताईंनी आश्रमात पाय ठेवायचा नाही. रिपोर्टमध्ये काही निघाले तर पुन्हा कधीच नाही, आणि दवाखान्यातूनही जायचे. डॉक्टरांनी मान खाली घालून हो म्हटले. नाही म्हटले असते तर दातांची फेरीच बंद झाली असती.

सासूबाईंची दाढ दोन दिवसांनी दवाखान्यात काढली. चार माणसे लावून नेले. मी आतल्या खोलीत गेले तर कुकरताई यंत्रापुढे उभ्या होत्या. ताटलीच्या कडेला त्यांनी पक्क्या रंगाने दहा खुणा केल्या होत्या, एकेका पाकिटाला एकेक. यंत्राच्या वर भिंतीवर सासूबाईंच्या पकडीच्या पाकिटातली फिकी पट्टी चिकटवलेली. रोज नजरेसमोर राहावी म्हणून. मला राहवले नाही. मी म्हटले, ताई, माझ्यामुळे झाले, मी रडले म्हणून.

त्या पाकिटे लावत होत्या. एकेक ठेवून मध्ये बोट घालून जागा बघत होत्या.

"रडणं तुमचं होतं, वहिनी. हो म्हणणं माझं होतं," त्या म्हणाल्या. "तुमचं तुम्ही देवाजवळ सांगा. माझं मला इथं बघायचंय."

मी त्या दिवसापासून सकाळी देवापुढे आधी मास्तरांचे नाव घ्यायला लागले, मग घरच्यांचे. नवऱ्याने एकदा ऐकले आणि विचारले की हे मास्तर कोण आपल्यात. मी म्हटले, नंतर सांगते.

ते सहा महिने आश्रमात सगळ्यांना जाणवले. डॉक्टर एकटे यायचे. दहाऐवजी पाचच माणसे व्हायची, कारण आता पट्टी बघणे, चिकटवणे, हात धुणे, हातमोजे बदलणे सगळे त्यांनाच. पण त्यांनी त्यातले काहीही सोडले नाही. पाकिटे अजून कुकरताईच भरून देत होत्या. सेविका कवळ्यांचे डबे धुवायला आळस करायला लागल्या तेव्हा सासूबाई खोलीतून ओरडायच्या, "कुकर येऊ दे, सांगते तिला." ती येणार नाही हे त्यांना ठाऊक होते, पण सेविका डबे धुवायच्या.

कुकरताई दर रविवारी मास्तरांना फोन करायच्या. मास्तर तब्येतीचे दोन शब्द बोलून झाले की त्यांना एक गणित घालायचे आणि पुढच्या रविवारी उत्तर विचारायचे. पहिला रिपोर्ट स्वच्छ आला. दुसरा स्वच्छ आला. पण कुकरताईंना त्यातून धीर आला असे मला वाटत नाही. मधल्या काळात त्या वाळल्या. त्यांची मुलगी मला म्हणाली की आई घरी ताटेसुद्धा मोजून मांडते.

मास्तरांनी मात्र एक हट्ट धरला. त्यांच्या पुढच्या दाताचा तुकडा पडला, जीभ कापायला लागली, तरी डॉक्टरांना हात लावू देईनात. म्हणायचे, ती येईल तेव्हा. लेक वैतागली. बाबा, तिनेच तुमच्या जिवाशी खेळ केला, असे मोठ्याने बोलली. मी त्या वेळी सासूबाईंपाशी होते. जिन्यात ती मला भेटली, तशीच रागात. म्हणाली, तुम्ही त्या दिवशी तिथेच होतात ना, पकडली गेली म्हणूनच बोलली असेल ती.

मी भित्री बाई आहे. मोठ्या हुद्द्याच्या माणसांशी बोलायचे मी टाळते. पण त्या वेळी देवाने तोंड उघडायला लावले. मी म्हटले, पकडले कुणीच नव्हते. पट्टी रजिस्टरखाली होती. ती मी पाहिली आणि त्यांनी पाहिली. बादली पायाशी होती, आणि मला वाटले होते की त्यांनी ती टाकून द्यावी. त्यांनी टाकली नाही. आणि त्या दिवशीची दोन जास्तीची पाकिटे आमच्या सासूबाईंची होती, माझ्या हट्टाने आणलेली. तुम्हाला चिडायचे असेल तर त्यातले थोडे माझ्या वाट्याचे आहे.

ती पायऱ्या उतरून गेली.

शेवटचा रिपोर्ट फेरीच्या आदल्या आठवड्यात आला. स्वच्छ. मास्तरांनी कुकरताईंना फोन केला आणि फक्त "पास" एवढेच म्हणाले. मास्तरांनी मला सांगितले, त्यावर त्या म्हणाल्या की माझे मागच्या रविवारचे गणित मात्र चुकले आहे. त्या सकाळी मी देवापुढे नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ बसले.

लेकीने मॅडमना कळवले, येऊ द्या त्यांना. पण मी समोर उभी राहणार.

त्या दिवशी कुकरताई आल्या. टोपी, मास्क, दोन टेबले, उजवे आणि डावे. लेक कचेरीच्या कपड्यांत खुर्चीच्या अगदी शेजारी उभी, हाताची घडी घालून. मास्तर खुर्चीत. मी आणि सासूबाई दारात. आमचा नंबर नव्हता, पण सासूबाई आल्याशिवाय राहणार नव्हत्या.

कुकरताईंनी पाकीट उघडले. पट्टी दिव्याखाली धरली, आणि या वेळी ती रजिस्टरकडे न नेता आधी लेकीपुढे धरली. लेकीने चष्मा सावरून पाहिली. एक बाजू, मग दुसरी बाजू. काळी होती, टोकापासून टोकापर्यंत. ती बारीक आवाजात म्हणाली, "बरोबर आहे का?"

"बरोबर आहे," कुकरताई म्हणाल्या. "पण तुम्ही पाहिलीत ते बरं. आता सगळ्यांच्या घरच्यांना दाखवणार आहे. माझे दोन डोळे एकदा चुकले."

लेक हलली नाही. तशीच वाकून बघत राहिली, डॉक्टरांचा हात, आरसा, सळई, सगळे. मी पदर घट्ट धरून नामस्मरण करत होते. मास्तरांनी तोंड तसेच उघडे ठेवून लेकीच्या दिशेने हात वर केला आणि दोनदा बाजूला हलवला, वर्गात मागच्या बाकावरच्या मुलाला सरकायला सांगावे तसा. उजेड अडत होता. लेक एक पाऊल मागे सरली.